अर्धं जातं

२ एप्रिल १९७८, निपाणी

नवी रोजनिशी. तंबाखूच्या वखारवाल्याने भेट दिलेली. जानेवारी ते मार्च कोरे आहेत, पण त्यात माझा दोष नाही, डायरीच काल हातात पडली.

संकल्प: पहाटे चारला उठणे. रोज चार पाने लिहिणे. रागावणे बंद. चहा दोनदाच.

सोळा तारखेला कॉलेजच्या वाङ्मय मंडळाचा सेमिनार. कोल्हापूरहून ज्येष्ठ समीक्षक येणार. माझा पेपर: 'नेमलेल्या कादंबरीतील घरगुती वस्तूंची प्रतीकात्मकता'. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला ही कादंबरी मी कितीतरी वर्षं शिकवतोय. लोकांनी तिच्यात नायिका पाहिली, सासू पाहिली, गाव पाहिलं. वस्तू कोणी पाहिल्या नाहीत. मी पाहिल्या. कंदील म्हणजे आशा. घागर म्हणजे संयम. ती फुटते तिथे अर्थातच संयम फुटतो. उंबरा म्हणजे मर्यादा. आणि अकराव्या प्रकरणात जातं बंद पडतं, तिथे तर सगळ्या कादंबरीचं काळीजच बंद पडतं. वस्तू बोलतात. ऐकणारा पाहिजे.

जयाला हे नीट समजावून सांगितलं. ती स्टोव्हला पिन मारत होती. म्हणाली, यातलं रॉकेल संपलंय, त्याचा अर्थ काय होतो ते पण सांगा. मी रागावलो नाही. उद्या रॉकेल आणणे.

३ एप्रिल

उठलो साडेसातला. पहिल्याच दिवशी शरीरावर जुलूम नको. पानं शून्य, पण चिंतन भरपूर. रॉकेल राहिलं. जयाने शेजारच्यांच्या चुलीवर भात शिजवून आणला. वाईट वाटलं. दोन वेळा वाढून घेतला.

५ एप्रिल, दुपार, स्टाफरूम

कल्पना सुचली! नुसतं वाचून उपयोग नाही. खऱ्या वस्तू टेबलावर मांडायच्या. समीक्षक थक्क झाले पाहिजेत.

कंदील घरमालकांनी दिला. घागर मागितली तर जया म्हणाली, नळाला पाणी अर्धा तास येतं, तेवढ्यात तुमच्या संयमात भरून ठेवू का पाणी? तांब्यावर भागवू. उंबरा आणता येत नाही. राहिलं जातं. ते बेळगुंदीला आमच्या घरी आहे. गावात गिरणी आल्यापासून आई त्याला हात लावत नाही. पडवीत नुसतं पडून. आईला विचारून आठवडाभरासाठी आणू. विचारून म्हणजे अर्थातच विचारून.

९ एप्रिल, रात्री निपाणी

बेळगुंदीला जाऊन आलो. घरी कोणीच नाही. आई आणि मष्णूअण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शेवंताच्या सोयरिकीसाठी कंग्राळीला गेलेले. शेवंता आमची धाकटी बहीण. लग्न ठरायला अजून वर्ष तरी जाईल. किल्ली नेहमीच्या कोनाड्यात होती.

थांबलो असतो, पण परतीची गाडी गेली असती. चिठ्ठी ठेवली असती, पण आईला वाचता येत नाही, चिठ्ठी ठेवणं म्हणजे तिचा अपमान. न विचारता नेणं त्यातल्या त्यात आदराचं वाटलं.

अडचण एकच. जात्याची खालची तळी, म्हणजे खालचा दगड, जमिनीत पक्की बसवलेली. वरचीच निघाली. खुंट्यासकट निपाणीहून नेलेल्या पोत्यात घातली आणि खांद्यावर घेऊन परसाच्या वाटेने स्टँडवर आलो. वाटेत दोनदा खाली ठेवली. बेळगावात गाडी बदलताना कंडक्टरने कन्नडमध्ये विचारलं, पोत्यात काय? प्रतीक म्हणजे कन्नडमध्ये काय ते आठवेना. 'कल्लु' म्हणालो. दगड. त्याने लगेजचं तिकीट फाडलं.

पाठीत चमक भरली आहे. सर्जनाचा ताण असावा.

१६ एप्रिल

सेमिनार झाला. प्रचंड यश.

ज्येष्ठ समीक्षकांनी सबंध पेपर डोळे मिटून ऐकला. इतका एकाग्र श्रोता मी पाहिला नाही. शेवटी टाळ्यांनी ते जरा दचकले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी आवर्जून विचारलं, एवढा दगड आणला कसा?

तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने प्रश्न विचारला: सर, नायिका त्या प्रकरणात तालुक्याला राहायला जाते आणि तिथे गिरणी असते, म्हणून तर जातं बंद पडलं नसेल? मी म्हटलं, बाई, साहित्य असं शब्दशः वाचायचं नसतं. घरी येऊन अकरावं प्रकरण उघडलं. गिरणीचं वाक्य आहे. दुसऱ्या आवृत्तीत कोणीतरी घुसडलं असावं.

तळी तूर्त बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. जयाने तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातला. टीपॉयसारखी दिसते. पुढच्या रविवारी परत नेऊन ठेवणे.

१९ एप्रिल

अण्णा अचानक आला. तंबाखूच्या कामासाठी निपाणीत आला होता. बातमी: शेवंताचं लग्न ठरलं. चौदा मे. मुलगा कंग्राळीचा, बेळगावात नोकरीला. सगळ्यांना आनंद. मलाही झाला.

मग अण्णाने खालच्या आवाजात दुसरी बातमी सांगितली. जात्याची वरची तळी चोरीला गेली.

मी म्हटलं, अरेरे.

तो म्हणाला, चोर असता तर भांडी नेली असती. हे काम साधं नव्हे. 'कुनीतरी करनी केल्या बग परशा. वरची नेली आन खालची ठेवली. जोडा फोडला. आमच्या पोरीचा जोडा जमू ने म्हनून केलंय हे.'

खरं तर मला आठवायला हवं होतं. आमच्याकडे लग्नाची हळद घरच्याच जात्यावर दळतात. जात्याला हळकुंड बांधायचं, पाच सवाशिणींनी खुंट्याला हात लावायचा, ओव्या म्हणायच्या. गिरणीची हळद चालत नाही. माझ्या लग्नातही हे झालं होतं, पण मी त्या वेळी थीसिसच्या विचारात होतो.

आणि संशय कोणावर? तानीबाईवर. शेजारीण. तिच्या न्हाणीचं पाणी आमच्या परसात येतं, त्यावरून गेल्या पावसाळ्यात आईशी भांडण झालं होतं. आईने तिच्याशी बोलणं टाकलं आहे.

हे सगळं सांगताना अण्णाने चहाची कपबशी तळीवर ठेवली होती. रुमालावर चहा सांडला, तेव्हा तो उचलून पुसायला निघाला. मी झडप घालून रुमाल दाबून धरला. म्हटलं, राहू दे, पाहुण्याने पुसायचं नसतं. अण्णा म्हणाला, मी कधीपासनं पाहुणा झालो रं?

सांगणारच होतो. पण पाहुणा चहा घेत असताना त्याला धक्का देणं बरं नव्हे. जया दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिचं बघणं मला आवडलं नाही.

२१ एप्रिल

तानीबाईचा विचार डोक्यातून जात नाही. मॅट्रिकला होतो तेव्हा आमच्या घरात कंदिलाला तेल नसायचं. तिच्या पडवीत तिच्या कंदिलाखाली बसून अभ्यास केला. ती भाकरी करत करत मधेच विचारायची, झोप आली काय रं? आली म्हटलं की तोंडावर पाणी मारायची. गावातल्या कुठल्याही लग्नात हळदीची पहिली ओवी तिची. तिच्यासारखा गळा आमच्याकडे दुसरा नाही.

पेपरात कंदील म्हणजे आशा असं लिहिलं, तेव्हा तिचा कंदील कसा आठवला नाही कोण जाणे.

रविवारी नक्की परत.

२३ एप्रिल, रविवार

गेलो नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते. तपासले नाहीत.

मात्र एक मोठं काम झालं. 'जोडा फोडला' हे विश्लेषण विलक्षण आहे. वरची तळी म्हणजे नवरा, खालची म्हणजे बायको, मधला खिळा म्हणजे संसार. आमचे लोक न शिकता केवढी प्रतीकं वाचतात! पेपरला नवीन परिशिष्ट जोडायला घेतलं: 'लोकमानसातील जातं'. जयाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या लोकमानसात तानीबाई चोर झाली आहे, तेही लिहा.

जेवण गेलं नाही. म्हणजे एकदाच गेलं.

३० एप्रिल, रात्री निपाणी

आज काय झालं ते शांतपणे लिहितो.

पोतं घेऊन बेळगुंदीला गेलो. योजना साधी होती. परसातून गुपचूप आत जायचं, तळी जागेवर ठेवायची, मग पुढच्या दाराने येऊन म्हणायचं, हे काय, इथेच तर आहे.

पण घरात माणसं. कंग्राळीचे पाहुणे आलेले, मुलाची आत्या, मुलाचे चुलते देवाप्पा. जात्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. पोतं घेऊन आत कसा जाणार? परसात भाताच्या पिंजराची, म्हणजे पेंढ्याची, गंजी होती, आमचीच. तिच्यात पोतं खुपसलं आणि पुढून गेलो.

आत्या आईला म्हणत होत्या, जातंच फुटलं तर इच्यार कराय पायजे. शेवंता स्वयंपाकघराच्या दाराआड होती. तिचं तोंड मी पाहिलं. मग मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि अंधश्रद्धेविरुद्ध बोललो. चांगलं बोललो. देवाप्पा मान हलवत होते. कारण-परिणाम, विज्ञान, सगळं आणलं. तळी मीच नेली होती एवढंच राहिलं. ओघात बसत नव्हतं.

तेवढ्यात अण्णा पाहुण्यांचे बैल बांधायला परसात गेला आणि गंजीतून बाहेर राहिलेलं पोत्याचं टोक बघून ओरडत आला. तळी सापडली.

गंजी आमची नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत त्या जागी आमची असायची. या वर्षी तिथे तानीबाईने रचली आहे. हे मला कोणी कळवलं नव्हतं.

सगळे परसात. तानीबाईला हाक मारली. ती आली, बांधावर उभी राहिली. आई म्हणाली ते इथे लिहवत नाही. तानीबाईने तळीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे पाहिलं. 'मी न्हाय आनली,' एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

पोत्यावर निपाणीच्या वखारीचा ठसठशीत शिक्का होता. कोणी तिकडे पाहिलं नाही. लोकांना वस्तू दिसत नाहीत हा माझा सिद्धान्त पुन्हा खरा ठरला. पोतं तिथेच राहिलं.

एकूण पाहता चांगलंच झालं म्हणायचं. तळी जागेवर आली. चोर सापडला म्हणून पाहुण्यांची शंका फिटली, लग्न पक्कं झालं. फक्त तानीबाईचं तेवढं झालं.

पाठ फार दुखते. अपराधाचं ओझं माणूस पाठीवर वाहतो असं म्हणतात, ते इतकं नेमकं असेल असं वाटलं नव्हतं.

४ मे

लग्नाआधी सगळं सांगायचं ठरवलं. निवेदनाचा मसुदा केला. प्रस्तावना, पार्श्वभूमी, हेतूची शुद्धता, मग घटना. सहा पानं झाली. जयाला दाखवला. ती म्हणाली, 'मी नेली होती' एवढं पुरे की. तिला संदर्भाचं महत्त्व कळत नाही.

दुसरा मसुदा. सात पानं.

१० मे, बेळगुंदी

जयासह आलो. मांडवाचे वासे उभे राहिले. गावात घरोघरी हळदीचं बोलावणं गेलं. तानीबाईच्या दारावरून पोरी पुढे गेल्या. मी पाहत होतो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती, तिनेही पाहिलं. नुकतं नेसलेलं लुगडं होतं अंगावर, इरकली. बोलावण्याची वाट पाहत असावी.

आज सांगणार होतो. वासे धरायला बोलावलं. वासे धरले नाहीत, पाठ दुखत होती, पण हजर राहावं लागलं.

जया माझ्याशी बोलत नाही. इतर सगळ्यांशी बोलते.

१२ मे, बेळगुंदी

सांगितलं. शेवटी सांगितलं.

सकाळी जात्याला हळकुंड बांधलं. बायका जमल्या, आत्याही आल्या. खुंट्याला हात लावणार एवढ्यात मी म्हटलं, मला बोलायचं आहे. मसुदा वर खोलीत राहिला होता, म्हणून पाठ होतं तसं सुरू केलं. जातं ही केवळ वस्तू नव्हे. आपण सगळे आपापल्या आयुष्यात कधी वरची तळी असतो, कधी खालची. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग माझा आवाज चिरकला, सगळं विसरलो आणि जया म्हणाली होती तेवढंच तोंडातून आलं.

'मी नेली होती. तानीबाईनं न्हाय. मी.'

मला वाटलं, आता धरणी हलणार.

आत्या म्हणाल्या, 'मास्तरास्नी बी लागलं की वो हे.'

सगळ्यांना पटलं. एवढा शिकलेला माणूस काय वाटेल ते बरळतोय, रंग उडालाय, घाम सुटलाय; म्हणजे तानीबाईचं केलेलं त्याच्यावर उलटलं. मी म्हटलं, अहो, मी शुद्धीवर आहे. म्हणालो तसतशा बायका जास्तच हळहळल्या. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाटावर बसवलं आणि मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. मोहऱ्या चुलीत तडतडल्या. आत्या म्हणाल्या, बगा कशा वाजाल्यात.

एका कबुलीने तानीबाईचा दुसरा गुन्हा तयार झाला. हे मी कुठल्याही कादंबरीत वाचलेलं नाही.

मी उठून परसातून तानीबाईकडे गेलो. ती चुलीपुढे बसली होती. म्हटलं, काकी, मी सांगितलं, पण कोणी ऐकत नाहीत. ती म्हणाली, ऐकलं मी हितनं. मग म्हणाली:

'त्या दिवशी बगितलतं मी तुला. पोतं दोनदा खाली ठेवलास न्हवं? म्हटलं पोरगं नेतंय काय तरी, आनून ठेवंल. रोज वाट बगत हुते.'

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? 'भनीच्या लगनात भाऊ चोर म्हनून बसवू व्हय?' ती म्हणाली. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मला पाट दिला नाही. पहिल्यांदाच.

मला रडू आलं. उभ्याउभ्याच रडलो.

आमच्या घरात दळण सुरू झालं होतं. ओवी मात्र पुढे सरकत नव्हती. एकीने सुरुवात केली ती विसरली, दुसरीने भलतीच उचलली, मग नुसती घरघर. घरघरही थांबली. आणि बांधावरून आई आली, हात हळदीचे. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

'तान्ये, ऊठ,' ती म्हणाली. 'चुकलं माजं. तू न्हाईस तर पोरीची हळद मुकी जाईल.'

तानीबाई लगेच उठली नाही. भाकरी तव्यावर होती, ती उलटली, भाजली, टोपलीत ठेवली. मग पदर सारखा करून निघाली. आत्या काही बोलायला लागल्या तर आई म्हणाली, पयली ववी हिचीच, आमच्यात तसंच हाय. तो विषय तिथे संपला. माझं निवेदन, दोन मसुदे, प्रस्तावना, कशाचीच कोणाला गरज लागली नाही.

मी तानीबाईच्या चुलीपुढे बसून ओवी ऐकली. हळद दळून झाली तरी कोणी मला बोलवायला आलं नाही.

१६ मे

लग्न झालं. शेवंता गेली. जाताना मला म्हणाली, दादा, तब्येतीला जप. अख्खं गाव मला तब्येत विचारतंय. कंग्राळीकरांनी तर अंगारा दिला.

आज निपाणीला परत. आईने तांदूळ बांधून दिले. पोतं ओळखीचं होतं. वखारीचा शिक्का वर येईल असं नीट ठेवलेलं.

उचलायला वाकलो तो पाठ धरली. ना खाली, ना वर. आईने पोत्याचं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला लावलं. जया पिशव्या घेऊन पुढे चालत होती. स्टँडपर्यंत आई न थांबता आली. पोतं खाली ठेवून पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली:

'एकट्यानं न्यायची वस्तू न्हवं ती, परशा. मला सांगितलं असतंस तर त्या दिशीबी मी धरू लागले असते की.'

गाडी आली.

बसायला जागा मिळाली, पण पाठीमुळे बसता आलं नाही. निपाणीपर्यंत उभा होतो. जया म्हणाली, उतरल्यावर आधी रॉकेल बघा.